सांगणाऱ्यांची यादी

तात्या देवरे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या घरच्यांनी नाही, कुठल्या संपादकानं नाही. नाशिकरोडला जेल रोडच्या बाजूला त्यांना ओळखणारी जी चार माणसं उरली असतील, त्यांना मी तिथे जात होतो हे आठवतही नसेल. तरी लिहितो आहे. तात्यांविषयी जे मला ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, आणि त्यातलं निम्मं माझ्याविषयी आहे. ते निम्मं मी जमेल तितकं मागे ढकलत नेणार, हेही आधीच सांगून ठेवतो. सवय आहे माझी.

पूर्ण नाव निंबाजी देवरे. मूळचे कळवणकडचे. रेल्वेच्या टपालात सॉर्टर म्हणून लागले आणि सॉर्टर म्हणूनच निवृत्त झाले. बुटके, काळेसावळे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि चष्म्याच्या एका काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. चालताना किंचित डुलायचे. धावत्या डब्यात उभ्यानं पत्रं लावण्यात तीस वर्षं गेल्यावर जमीन हलत नाही हेच पायांना पटत नाही, असं ते म्हणायचे. खरं की गंमत, मला कधी कळलं नाही.

आमची गाठ पडली ती नाशिक गावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहात. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी इतिहासाचा नवा प्राध्यापक, नावापुढे ताजी पीएच.डी., आणि विषय 'परदेशी प्रवाशांच्या नजरेतून आपला मुलूख'. मी रंगात येऊन सांगत होतो की एक फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो, इथल्या एका सरदाराच्या पागेत अमुक इतके घोडे होते. व्याख्यान संपलं, प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतून हा माणूस उठला.

"सर, तो जवाहिऱ्या पागेत गेला होता का?"

"गेला नसेल. पण त्यानं लिहून ठेवलंय."

"मग त्याला कुणी सांगितलं?"

"कुणीतरी जाणकारानं सांगितलं असेल."

"त्या जाणकाराचं नाव काय?"

सभागृह हसलं. मीही हसलो. तो माणूस मात्र हसला नाही, उत्तराची वाट बघत तसाच उभा राहिला. शेवटी अध्यक्षांनी "वेळेअभावी" म्हणून आभार मानायला सुरुवात केली. खाली जिन्यापाशी तो थांबलेला होता. म्हणाला, "राग नका मानू सर. मला खरंच पाहिजे होतं नाव. मला वाटलं तुम्ही पीएच.डी. आहात, तुम्हाला माहिती असेल."

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो, आणि मग सात-आठ वर्षं बहुतेक शनिवारी जात राहिलो.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत पलंग, टेबल आणि पलंगाखाली चपलांची तीन रिकामी खोकी. टपालाच्या पिशव्यांना बांधायची जाड कागदाची लेबलं असतात, एका बाजूनं वापरलेली आणि फेकून द्यायची, ती या खोक्यांत उभी लावलेली. तात्या त्यांना चिठ्ठ्या म्हणायचे. प्रत्येक चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूला वर कुठल्या प्रवाशानं काय लिहिलं ते, आणि खाली उजवीकडे दोन शब्द: 'सांगणारा कोण'. त्यापुढे एक रेघ. नाव सापडलं असेल तर रेघेवर नाव. बहुतेक रेघा रिकाम्या.

प्रवाशांना ते नावानं हाक मारत नसत. डच कारकून, जवाहिऱ्या, रशियन घोडेवाला, तो थोरला पाद्री, धाकटा पाद्री, चिनी भिक्षू. गल्लीतल्या लोकांबद्दल बोलावं तसं बोलायचे. "थोरला पाद्री प्रामाणिक आहे, पण त्याला ऐकू कमी येत असणार. सगळी गावांची नावं त्यानं शेवटून खाल्लीत." इंग्रजी ते शब्दकोश मांडीवर घेऊन शिकले होते. उच्चार भयंकर. समज माझ्यापेक्षा चांगली. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितो आहे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. परका माणूस बंदरात उतरतो. पावसाळा लागला की समुद्र बंद, चार महिने कुणाच्या तरी ओसरीवर बसून काढायचे. त्याच्याशी बोलणार कोण? राजा बोलत नाही, पंडित बोलत नाही. बोलतो तो दलाल, दुभाष्या, जकातीवरचा शिपाई, स्वयंपाकी, न्हावी. जो तो आपल्या सोयीचं सांगतो. परका ते लिहून घेतो, आणि घरी गेल्यावर पुस्तक जाड व्हावं म्हणून आधीच्या कुणाचं तरी त्यात घालतो.

"शंभरातलं दहा डोळ्यांनी पाहिलेलं असतं, सर. चाळीस कानांनी ऐकलेलं. बाकीचं पन्नास दुसऱ्याच्या पुस्तकातलं. आणि नाव एकट्याचंच."

मिरीच्या रानात साप असतात, आग लावून त्यांना पळवावं लागतं आणि म्हणून मिरी काळी होते, अशी एक जुनी गोष्ट अनेकांनी लिहिली आहे. मी वर्गात ती भोळेपणाचा नमुना म्हणून सांगायचो. तात्यांना ते आवडलं नाही.

"भोळा कोण? मिरी विकणाऱ्यानं सांगितली असणार ती गोष्ट, आणखी कोण सांगेल? साप आहेत म्हटलं की भाव चढतो, आणि गिऱ्हाईक स्वतः रानात शिरत नाही. एवढा हुशार माणूस! दीड हजार वर्षं त्याची थाप छापतायत लोक. आणि त्याचं नाव नाही कुठे."

"थापाड्याचं नाव कशाला पाहिजे, तात्या?"

"का? खोटं बोलला म्हणून काय आईबापांनी नाव ठेवलं नव्हतं त्याचं?"

हा छंद घरातही चालायचा. काकू बाहेरून येऊन म्हणाल्या, "अहो, ऐकलं का, कोपऱ्यावरच्यांच्या मुलीचं जमलं म्हणे," की हे लगेच, "तुले कोनी सांगं?" काकूंशी ते अहिराणी बोलायचे, माझ्याशी पुस्तकी मराठी. काकू पिशवी खाली टाकून म्हणायच्या, "भाजीवालीनी सांगं. घ्या, काढा चिठ्ठी! मांडा तिचं नाव! मेथीची जुडी केवढ्याला दिली तेपण लिहा." आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊ, यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा यांनी माझ्या बापाला विचारलं होतं, मुलगी शांत आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं."

"मग काय म्हणाले ते?"

"काय म्हणतील? गप बसले. खोटं सापडलं ना त्यांचं."

एकदा आम्ही पांडवलेण्यांवर गेलो होतो. एक गाइड एका गोऱ्या जोडप्याला लेण्यातला दगडी ओटा दाखवून सांगत होता की हा भीमाचा पलंग, आणि भीम कुशीवर झोपायचा म्हणून डावी बाजू झिजली आहे. बाई वहीत लिहून घेत होत्या. मी चिडलो, मध्ये बोलणार तोच तात्यांनी दंड धरला. त्यांचा चेहरा उजळला होता. "थांबा सर. बघा. प्रवासवर्णन लिहिलं जातंय आपल्यासमोर." ते जोडपं गेल्यावर त्यांनी गाइडला गाठलं. ही झिजल्याची गोष्ट कुणी सांगितली? तो म्हणाला, चुलत्यानं. चुलता खालीच नारळ विकत होता. त्यानं सांगितलं, निफाडकडचे एक मास्तर शाळेची सहल घेऊन यायचे, ते पोरांना सांगायचे. तात्या पुढच्या आठवड्यात एस.टी.नं निफाडला गेले. मास्तर सापडले, थकलेले, द्राक्षबागेच्या बांधावर खुर्ची टाकून बसलेले. तात्यांनी विचारल्यावर ते जरा ओशाळले आणि म्हणाले, "अहो, पोरं ऐकत नव्हती. डबे उघडून बसली होती. काहीतरी सांगावं लागतं ना!"

तात्यांनी चिठ्ठी काढली, 'सांगणारा कोण' पुढे मास्तरांचं पूर्ण नाव गावासकट लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. अख्खी रेघ भरलेली चिठ्ठी त्यांच्याकडे क्वचित असे. त्या शनिवारी त्यांनी मला पेढे दिले.

आणखी एक गोष्ट ते म्हणायचे, ती त्या वेळी मी फक्त टिपून घेतली. काकूंना लसूण सोलून देत बसले होते. "दुभाष्याचं नाव पुस्तकात कधी येतं, माहितीये सर? तो फसवतो तेव्हा. नीट काम केलं तर 'मला असे समजले'. चुकला की लगेच, 'माझा दुभाष्या अमुक याने मला खोटे सांगितले'. वर्षभर बरोबर हिंडला, ताप काढला त्याचा, तेव्हा नाव नव्हतं. नाव आलं ते चुकीपुरतं." मग पाकळी वाटीत टाकत म्हणाले, "याला अपवाद एकच. आपला लखमाजी."

लखमाजीविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं.

तात्यांच्या डच कारकुनानं लिहिलं होतं की डिसेंबर महिन्यात तो किनाऱ्याकडून घाट चढून एका नदीकाठच्या, देवळांच्या गावाला आला. ते गाव आपलं नाशिक, असं तात्यांनी अंतरं मोजून बसवलं होतं. वाटेत कारकून तापानं फणफणला. त्याचा दुभाष्या लखमाजी, 'याच गावचा राहणारा', यानं त्याला आपल्या तट्टावर बसवलं, स्वतः पायी चालला, आणि घाटात करवंदं तोडून कारकुनाच्या हॅटमध्ये भरून आणली. कारकून लिहितो, मला या देशाविषयी जे काही ठाऊक आहे ते या माणसाने सांगितले.

बस, एवढंच. पण तात्यांच्या तिन्ही खोक्यांत असा दुसरा माणूस नव्हता, ज्याचं नाव फसवल्याशिवाय आलं होतं. ती चिठ्ठी ते सगळ्यात पुढे ठेवायचे. मला वाचून दाखवताना 'हॅटमध्ये' या शब्दाला थांबायचे.

पुढे मला एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत सदर मिळालं. परदेशी प्रवाशांना आपल्या मुलखाची माहिती कुणी दिली, हाच विषय. तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी तिन्ही खोकी पलंगाखालून ओढून माझ्यासमोर ठेवली. "न्या. घरी न्या. माझ्या अक्षराला जरा संभाळून घ्या." मी रिक्षानं ती घरी आणली. वर्षभर दर रविवारी माझं नाव छापून येत होतं. तात्या पुरवणी कापून ठेवायचे. त्यात त्यांचं नाव का नाही असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "पुस्तक झालं की मागे यादी द्या, सर. सांगणाऱ्यांची. चाळीसेक नावं सापडलीत आपल्याला. दोन पानं लागतील."

मी म्हणालो, "देणार म्हणजे काय, तात्या! आणि पहिलं नाव तुमचं."

"माझं कशाला? मी काय डच कारकुनाबरोबर हिंडलो?" म्हणाले खरे, पण खूश झाले होते. ते मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

सदरातला लखमाजीचा लेख गाजला. नाशिकचा माणूस, मग काय! पत्रं आली. ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून बोलू लागले. एका शाळेनं जानेवारीच्या गॅदरिंगमध्ये लखमाजीचं नाटुकलं बसवलं, मला पाहुणा म्हणून बोलावलं. लखमाजी झालेल्या मुलानं हॅट पुढे केली तेव्हा तिच्यात काळी द्राक्षं होती. बाई म्हणाल्या, "करवंदं कुठे मिळाली नाहीत, सर, या दिवसांत." मी हसून टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी तात्या बसले होते. त्यांच्याही नाही.

पुस्तकाची मुद्रितं माझ्या टेबलावर आली होती त्या मे महिन्यात, एका दुपारी बाराच्या सुमाराला, दारावरची बेल वाजली. तात्या उभे होते. नाशिकरोडहून सिटी बसनं आलेले, डोक्याला रुमाल, शर्ट पाठीला चिकटलेला. एवढ्या वर्षांत ते माझ्या घरी पहिल्यांदा आले होते. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. पेला हातात धरून म्हणाले,

"लखमाजी गया, सर."

अहिराणीत बोलले. मला क्षणभर वाटलं त्यांच्या घरातलं कुणी गेलं.

मग सांगितलं. धाकट्या पाद्र्याचं एक जुनं पुस्तक त्यांच्या हाती लागलं होतं, डच कारकुनाच्या पुष्कळ आधीचं. त्यात तोच ताप, तेच तट्टू, तीच हॅट, तीच करवंदं. गाव दक्षिणेतलं, दुभाष्याचं नाव दिलेलं नाही, आणि महिना मे. कारकुनानं सगळं उचललं होतं, मधे एक नाव घातलं होतं आणि आपल्या प्रवासाचा महिना टाकला होता. तो घाट चढलाच नसावा.

"डिसेंबरात करवंदं, सर! मी कळवणचा माणूस. लहानपणी या दिवसांत तोंडं काळी करून हिंडायचो आम्ही डोंगरात. आणि सात वर्षं मी ते वाचतोय, मला दिसलंच नाही. काल भाजीवालीकडे करवंदं बघितली, तेव्हा दिसलं." त्यांनी पेला खाली ठेवला. "मला तो पाहिजे होता ना, म्हणून दिसलं नाही. ते प्रकरण काढा. नाहीतर असं करा, काढू नका, खरं काय झालं ते लिहा. उचललं कसं, सापडलं कसं. उलट जास्त चांगलं प्रकरण होईल."

"करतो," मी म्हणालो. त्यांच्यासमोर लखमाजीची चिठ्ठी खोक्यातून काढली आणि तिच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: तात्या येऊन सांगून गेले, प्रकरण गाळणे. त्यांनी ते बघितलं. मग पाणी प्यायले, आणि जेवायला थांबा म्हटलं तरी न थांबता बससाठी निघून गेले.

ते प्रकरण मी गाळलं नाही. विसरलो, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. विसरलो नव्हतो. प्रकाशकांनी फोनवर सांगितलं होतं की लखमाजी हा पुस्तकाचा प्राण आहे, मुखपृष्ठावर चित्रकाराकडून हॅट आणि करवंदं काढून घेतली आहेत. नाशिकला प्रकाशन ठरलं होतं तेही लखमाजीमुळेच. मी विचार केला, कोण बघणार आहे. हाच विचार त्या डच कारकुनानं केला असेल.

यादीचंही तसंच. दोन पानांसाठी सोळा पानांचा एक फर्मा वाढेल, आणि नावांची यादी कोण वाचतो, असं प्रकाशक म्हणाले. मी एकदाही "नको, ठेवा" म्हणालो नाही. यादी गेली तेव्हा तिच्यातलं पहिलं नावही गेलं. प्रस्तावनेत मी एक वाक्य घातलं: 'नाशिकमधील काही जाणकारांशी झालेल्या चर्चेचा या लेखनाला उपयोग झाला.' हे वाक्य लिहिताना तात्यांची खोकी माझ्या पायाशी होती. जाणकार हा शब्द माझ्या हातून सहज गेला नाही. पेन थांबलं होतं. मग गेला.

प्रकाशनाला तात्या आणि काकू तिसऱ्या रांगेत येऊन बसले. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, काकूंनी जरीची हिरवी साडी. दारातच पुस्तक विकत घेतलं होतं त्यांनी. मी एक प्रत बाजूला ठेवायला हवी होती, तीही ठेवली नव्हती. व्यासपीठावरून मला ते स्पष्ट दिसत होते. भाषणं चालू असताना त्यांनी पुस्तक मागून उघडलं. शेवटचं पान, त्याच्या आधीचं, त्याच्या आधीचं. मग पुढून उघडून प्रस्तावना वाचली. बोट ओळीवरून चाललेलं एका जागी थांबलं. मग अनुक्रमणिका. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून भाषणं ऐकत बसले.

शेवटी प्रश्नोत्तरं. एक बाई उठल्या. पेठकडच्या आश्रमशाळेत शिकवत होत्या.

"सर, पुस्तक छान आहे. पण एक विचारू का? यात डिसेंबरात घाटात करवंदं तोडली असं आहे. आमच्याकडं तर करवंदं उन्हाळ्यात येतात. डिसेंबरात जाळीला नुसते काटे राहत्यात." आणि जरा हसून, "की डचांची करवंदं वेगळी असतात?"

सभागृहात हशा पिकला. व्यासपीठावर अध्यक्ष, प्रकाशक, दोन पत्रकार, मागे पडद्यावर तीच हॅट. हशा ओसरला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

मी म्हणालो, "बाई, तुमचा आक्षेप बरोबर आहे. या प्रकरणासाठी मी इथल्याच एका हौशी अभ्यासकाच्या टिपणांवर विसंबलो. श्री. निंबाजी देवरे. ते आज इथे उपस्थित आहेत. त्यांच्या टिपणात तसं होतं. पडताळून पाहायचं माझ्याकडून राहिलं."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. त्यांचं पूर्ण नाव मी चारचौघांत पहिल्यांदा घेतलं, ते असं.

तात्या उठून उभे राहिले. काकूंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली होती, ती त्यांनी हळूच सोडवली. माझ्याकडे बघितलं. फार नाही, एखादा क्षण. त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं, 'मी सांगायला गेलो होतो.' मी वाट बघत होतो. मला वाटतं ते म्हणाले असते तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

ते म्हणाले, "हो. चिठ्ठी माझी आहे. डिसेंबरात करवंदं येत नाहीत, बाईंचं बरोबर आहे." आणि बसले.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष समारोपात म्हणाले की चूक मान्य करण्याचा असा प्रामाणिकपणा आज दुर्मिळ आहे, आणि आपल्या स्रोताचा जाहीर उल्लेख करणारा लेखकही दुर्मिळ. त्यावरही टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

जिन्यात माणसांच्या गर्दीत काकू माझ्यासमोर आल्या. त्या मला नेहमी भाऊ म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "सर, पुस्तकात नाव नाही, आणि चुकीला तेवढं नाव?"

"अगं चल," मागून तात्या म्हणाले. "बस जाईल."

त्यानंतरच्या शनिवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या आवृत्तीत लखमाजीचं प्रकरण काढलं आणि 'काही त्रुटी दूर केल्या आहेत' असं लिहिलं. कुणाच्या, ते लिहिलं नाही. मधे कधीतरी लोक मला विचारायचे, ते देवरे म्हणून होते ना कुणी, ज्यांनी तुम्हाला चुकीची माहिती दिली? मी म्हणायचो, जाऊ द्या, वय झालंय त्यांचं. मोठ्या मनाचा वाटायचो मी त्यांना.

तात्या गेले तेही मला दोन महिन्यांनी कळलं. काकू मुलीकडे धुळ्याला गेल्या. खोक्यांचं काय झालं हे मी कुणाला विचारलं नाही. विचारणार कुठल्या तोंडानं?

पण त्याआधी मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. शेवटचं. प्रकाशनानंतर चारेक महिन्यांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. सॉर्टरचं ठसठशीत अक्षर, पिनकोडसकट पत्ता. 'आपले काम झाले असल्यास चिठ्ठ्या परत मिळाव्यात. धाकट्या पाद्र्याच्या दुभाष्याचे नाव सापडेल असे वाटते, तेव्हा त्या लागतील. काकूंचा नमस्कार.' बाकी एक अक्षर नाही.

खोकी बांधायला घेतली तेव्हा लखमाजीची चिठ्ठी वर आली. तिच्यावर माझी पेन्सिलची ओळ. माझं अक्षर. तात्यांनी ती ओळ लिहिताना मला पाहिलं होतं, म्हणजे त्यांच्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच. पण ही खोकी पुढे कधी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तर? मी मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर आणलं आणि ती ओळ खोडली. कण फुंकून टाकले. चिठ्ठी परत जागेवर लावली.

दुपारी चारला त्यांच्या घरी पोचलो. तात्या वाळले होते. "या सर, या," म्हणाले, नेहमीसारखेच. मी काय बोलायचं ते रिक्षात घोकून आलो होतो. खोकी तेवढी पलंगावर ठेवली. काकू आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. तात्यांनीच आत तोंड करून सांगितलं, "सरांना चहा कर." मग पलंगावर बसून खोकी उघडली आणि चिठ्ठ्यांवरून बोटं फिरवू लागले, पत्रं लावावीत तशी, भराभर, न बघता. पहिल्या खोक्याशी बोटं थांबली. लखमाजी. त्यांनी ती चिठ्ठी बाहेर काढली, वरच्या बाजूला पाहिलं, उलटून पाहिलं, पुन्हा वरच्या बाजूला पाहिलं.

"मी निघतो, तात्या," मी म्हणालो. "चहा पुन्हा कधी."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी दारात चपला घालायला वाकलो. एक पट्टा नीट बसेना. उठून पाहिलं तर ते पश्चिमेच्या खिडकीशी गेले होते. चष्मा कपाळावर चढवलेला, चिठ्ठी डोळ्याच्या रेषेत आडवी धरलेली, उन्हाची तिरीप कागदावरून सरपटत जाईल अशी. पावसात भिजून शाई गेलेल्या पाकिटावरचा पत्ता असाच वाचतात. शाई गेली, पेन्सिल खोडली, तरी लिहिणाऱ्या हाताचा दाब राहतो कागदात. उजव्या हाताचा अंगठा हळूहळू पुढे सरकत होता आणि ओठ हलत होते.

माझी ओळ सहा शब्दांची होती. ते तिसऱ्या शब्दापर्यंत आले असतील, तेव्हा मी जिना उतरायला लागलो.